आमचे साडू आणि चाळीस हर्ट्झ

अविनाशराव इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरले की मुरलेला सेल्समन चहाला निघून जातो. नवा असतो तो पुढे येतो.

"या सर, साऊंडबार ना? हा बघा, पाचशे वॅटचा आहे."

अविनाशराव चष्मा बदलतात. खांद्यावरच्या पिशवीतून मेजरिंग टेप, पेन ड्राइव्ह आणि पुठ्ठ्याची लांबट वही काढून श्राद्धाची तयारी मांडणाऱ्या गुरुजींच्या शांतपणानं काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, "पाचशे वॅट, पण किती टक्के डिस्टॉर्शनला?"

मुलगा क्षणभर अडखळतो. मग ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आठवून छाती पुढे काढतो. "सर, शंभर टक्के!"

यावर अविनाशराव हसत नाहीत. वहीत लिहितात. मग साऊंडबार उचलून उपडा करतात. तळाला चिकटवलेल्या बारीक अक्षरांच्या लेबलवर यंत्र वीज किती खातं ते छापलेलं असतं. "हा भिंतीतून घेतो पंचेचाळीस वॅट आणि देतो पाचशे. वरचे चारशे पंचावन्न गिऱ्हाइकानं घरून आणायचे का?" कंपन्यांकडे याचं उत्तर आहे. क्षणभराच्या दणक्याला आतली साठवलेली वीज कामी येते, आणि लेबलवरचा आकडा साधारण वापराचा असतो. पण ते उत्तर दुकानातल्या पोराकडे कधीच नसतं, आणि अविनाशराव ते स्वतःहून सांगत नाहीत.

ते माझे साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला डोंबिवली पूर्व, सगळी नोकरी एका सरकारी कार्यालयाच्या लेखापरीक्षणात झाली. लॅमिंग्टन रोडला ते अजून डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात, कारण पाटीवर तसं लिहिलंय. वॅटच्या आकड्यांवरचा त्यांचा संशय जुना आहे. नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर '१२०० वॅट पीएमपीओ' अशी सोनेरी स्टिकरं यायची. पीएमपीओ मोजायची ठरलेली अशी रीतच नव्हती. स्टिकरच्या रुंदीत मावेल तेवढा आकडा छापायचा. ते यंत्र सेलवरसुद्धा वाजायचं. कुणाच्याशा बारशाला अविनाशरावांनी ते स्टिकर वाचलं आणि त्यांच्यातला ऑडिटर जो जागा झाला, तो रिटायर झाल्यावरही झोपलेला नाही.

नात्यातल्या, ऑफिसातल्या आणि सोसायटीतल्या किती घरांत त्यांनी निवडलेले साऊंडबार वाजताहेत याची यादी त्या वहीत आहे. त्यांच्या स्वतःच्या घरात नाही. यादीतही नाही आणि साऊंडबारही नाही.

याला कारणं आहेत आणि ती सनावळीनं आहेत. २००९ साली एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत एआरसी आलं, म्हणजे टीव्हीतला आवाज त्याच केबलनं उलटा बाहेर पाठवायची सोय झाली. अविनाशराव म्हणाले, पहिल्या वर्षी कुणी उडी मारू नये. २०१२ साली पिक्सारच्या 'ब्रेव्ह'बरोबर डॉल्बी अ‍ॅटमॉस थिएटरांत आलं आणि २०१४ मध्ये घरोघरी जायला निघालं. अविनाशराव म्हणाले, निघालंय खरं, पण एआरसीच्या वाटेनं ते चेपून येतं, पूर्ण मापानं येत नाही. २०१७ साली २.१ आवृत्तीनं ईएआरसी आणलं आणि वाट रुंद झाली, तर यांचा टीव्ही जुना. टीव्ही बदलेपर्यंत मध्ये करोना होऊन गेला. आणि २०२५ च्या जूनमध्ये २.२ प्रसिद्ध झालं, ज्यात चित्र आणि आवाज यांचा मेळ राखायची नवी तजवीज आहे. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, त्यावरचा इलाज. "आता इतकी वर्षं थांबलो," अविनाशराव म्हणतात, "तर ते बाजारात येऊ दे की."

"आमच्याकडे सिनेमा बघत नाहीत," ताई म्हणते, "वाचतात." सबटायटल्स लावून. मराठी सिनेमालासुद्धा.

माझी अडचण निराळी होती. चातुर्मासात सासूबाई आमच्याकडे ठाण्याला असतात, आणि गेल्या खेपेला आमचा टीव्ही नवा पंचावन्न इंची होता. "चित्र इतकं स्वच्छ आहे की नायिकेच्या साडीचा काठ मोजता येतो, पण ती बोलते काय ते कळत नाही," असं सासूबाईंचं म्हणणं. आवाज साठावर नेला की तळमजल्यावरच्यांना कथानक कळायचं, यांना नाही. मी फोन केला. अविनाशरावांनी फोनवरच निदान केलं. "पूर्वीचा शटरचा टीव्ही आठवतो? किल्ली लावायचा? त्याच्या पोटात जागा होती, आणि स्पीकर माणसाच्या तोंडाकडे तोंड करून होता. आताचा टीव्ही पातळ. स्पीकर बोटाएवढा, तोही खाली तोंड करून. तो तुमच्याशी बोलतच नाहीये, टेबलाशी बोलतोय. रविवारी येतो. हॉलमधलं काही हलवू नका."

रविवारी मेगाब्लॉक होता. तरी ते आले, आणि हातात एक सबवूफर घेऊन आले. जुन्या एका अशिलाच्या घरून तो त्यांनी उसना आणला होता आणि धीम्या लोकलमध्ये मांडीवर घेऊन बसले होते. समोरच्या बाईंनी पेटीत मांजर आहे का म्हणून विचारलं, एवढंच प्रवासाचं वर्णन त्यांनी केलं. आल्यावर पाणीही न घेता त्यांनी हॉलला टेप लावली. लांबी चौदा फूट. वहीत भागाकार केला आणि माझ्याकडे डॉक्टर रिपोर्ट बघून बघतात तसं बघितलं.

"चाळीस हर्ट्झच्या सुराची लाट साधारण अठ्ठावीस फुटांची. तिची अर्धी, चौदा. म्हणजे ती तुमच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बरोब्बर उभी राहते. भिंतीशी दणदणते आणि मधोमध मेलेली असते. सोफा कुठे आहे?"

सोफा मधोमध होता.

"खड्ड्यात बसता तुम्ही," अविनाशराव म्हणाले.

मग त्यांनी सासूबाईंना खुर्चीवरून उठवलं आणि त्या जागी सबवूफर बसवला. हे खूळ त्यांचं एकट्याचं नाही. ध्वनीच्या जाणत्या लोकांत ही मान्य पद्धत आहे. बसायच्या जागी सबवूफर ठेवायचा, खर्जातलं काहीतरी लावायचं आणि आपण भिंतीकडेनं रांगत फिरायचं. जिथे कानाला बेस सम आणि भरीव लागेल तिथे सबवूफरची कायमची जागा. पद्धत बरोबर आहे. फक्त ती शोधणाऱ्यानं जावयाचा विचार केलेला नसावा.

अविनाशरावांनी पँट गुडघ्यावर वर खेचली आणि रांगायला लागले. टीव्हीच्या टेबलामागून निघून शोकेसखाली कान लावला. पितळी समई बारीक थरथरत होती, तिची नोंद घेतली. मग डायनिंग टेबलखाली शिरले. तिथून बराच वेळ बाहेर आले नाहीत. सासूबाई पदर सावरून वाकल्या.

"जावईबापू, काय हरवलंय?"

"बेस शोधतोय."

"अगं, वरच्या फळीवर डबा आहे बेसनाचा, दे त्यांना," सासूबाईंनी माझ्या बायकोला सांगितलं. मोठ्या जावयानं रविवारी स्वतः होऊन झुणका करायला घ्यावा याचं त्यांना कौतुक वाटलं असावं. त्या दिवशी शेवटी झुणकाच झाला.

सबवूफरची जागा निघाली ती तुळशीच्या बाल्कनीच्या दाराशी, जिथे चपला असतात. चपला हलवाव्या लागल्या. आजही पाहुणे आमच्या दारात गोंधळतात.

पुढच्या शनिवारी आम्ही दुकानात गेलो. खरं सांगायचं तर मला मनातून अ‍ॅटमॉस हवं होतं. डोक्यावरून पाऊस पडतोय असा आवाज येतो, हे मी ऑफिसात ऐकलं होतं. सेल्समननं माझा चेहरा वाचला. "सर, नाइन पॉइंट वन पॉइंट फोर घ्या. नऊ भोवती, एक सबवूफर, चार वर!"

"वर म्हणजे कुठे?" अविनाशराव.

"बारच्या पाठीवर, सर. आवाज छताला लागून खाली येतो."

"छत सपाट असेल तर. यांच्या छताला बीम आहे आणि बीमशेजारी पंखा. आवाज जाईल आणि पंख्यालाच सांगून येईल." माझा पाऊस तिथेच थांबला.

डेमो म्हणून त्यांनी धबधबा लावला, मग हेलिकॉप्टर. "आम्ही घरी हेलिकॉप्टर बघत नाही," अविनाशराव म्हणाले, "सह्याद्रीच्या सातच्या बातम्या लावा." दुपारचे बारा वाजले होते, आदल्या दिवशीच्या बातम्या शोधून लावल्या. सगळं दुकान धरणांतला पाणीसाठा ऐकत उभं राहिलं. वॉशिंग मशीन बघायला आलेलं एक जोडपंही थांबलं. अविनाशराव डोळे मिटून. मध्येच बोट वर करून म्हणाले, "स आणि श वेगळे ऐकू आले पाहिजेत. इथे शेतकरीचा सेतकरी होतोय. पुढचा लावा."

प्रत्येक साऊंडबारला त्यांनी मोबाइलवरच्या डेसिबलच्या मापानं सारख्या आवाजावर आणलं. दोघांतला जो जरा मोठा वाजतो तो कानाला सरस वाटतो, आणि दुकानदाराला जो खपवायचा असतो तोच मोठ्यानं लावलेला असतो, हे त्यांचं पहिलं कलम. नंतर पेन ड्राइव्ह. त्यात बातम्यांनंतर फक्त नाट्यसंगीत आहे. ऑर्गनचा सूर चिकटला की सुटा राहिला, डग्गा घुमला की नुसता दणकला, हे ऐकून वहीत टिका होतात.

एवढ्यात मॅनेजर आले आणि त्यांनी बोस काढला. चूक झाली. अविनाशरावांचा हा आवडता विषय. अमर बोस, वडील बंगाली क्रांतिकारक, मुलगा अमेरिकेत एमआयटीत शिकणारा. १९५६ साली त्यानं हौसेनं स्टीरिओ घेतला आणि तो वाजला तो कानाला पसंत पडला नाही. त्या एका नापसंतीवर त्यानं संशोधन केलं, १९६४ मध्ये कंपनी काढली आणि २०११ मध्ये तिचे बहुतेक शेअर्स एमआयटीला देऊन टाकले. "बघा," अविनाशराव मॅनेजरना म्हणाले, "आवडला असता तर काय झालं असतं? काहीच नाही." मग सॅमसंगच्या मांडणीवरचा मुलगा आणि जेबीएलच्या मांडणीवरचा मुलगा आपापलं सांगायला एकदम पुढे आले, तेव्हा त्यांनी दोघांना शेजारी उभं करून सांगितलं की २०१७ मध्ये सॅमसंगनं हरमन विकत घेतली, जेबीएल हरमनचीच, तेव्हा तुमचा मालक एक आहे, भांडू नका. त्या दोघांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी एकमेकांकडे जरा नव्यानं बघितलं.

शेवटी घेतला तो साधा तीन पॉइंट एक. डावा, उजवा, मधला आणि सबवूफर. सिनेमा असो की मालिका, बोलणं मुख्यतः मधल्या वाटेनं पाठवलेलं असतं, आणि बहुतेक स्वस्त बारना ती मधली वाटच नसते. सासूबाईंना पाऊस नको होता, बोलणं हवं होतं. दुकानातल्या एकाही माणसानं आम्हाला हा प्रश्न विचारला नव्हता: ऐकणार कोण?

घरी येऊन त्यांनी टीव्हीच्या मागे टॉर्च मारला. एचडीएमआयची भोकं अनेक, पण एआरसी लिहिलेलं एकच, आणि बहुतेक घरांत केबल नेमकी दुसऱ्यात असते, असं त्यांचं निरीक्षण. केबल लावली, सेटिंग बदललं, चहा घेतला आणि पिशवी उचलली.

"अहो, ऐकून तरी जा," मी म्हटलं.

"ऐकायचं काय त्यात? वहीत आहे."

त्या संध्याकाळी साडेसातला सासूबाई बसल्या. आवाज अठरावर. पंधरा मिनिटं त्या काही बोलल्या नाहीत. मग जाहिराती लागल्यावर म्हणाल्या, "ही सून इतकं लागट बोलते होय? इतके दिवस मला ती गुणाची वाटत होती." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती मालिका सोडली. रिकामा झालेला तो अर्धा तास आता माझ्या बायकोच्या स्वयंपाकावर देखरेख करण्यात जातो. याची नोंद मात्र वहीत नाही.

दिवाळीत भाचीनं पुण्याहून वडिलांना साऊंडबार भेट द्यायचं ठरवलं. बिचारी गोंधळून गेली होती. बाबांसाठी घ्यायचा म्हणजे बाबांना विचारता येत नाही. तिनं मला विचारलं. मी हसत हसत आमच्याच मॉडेलचं नाव दिलं. आख्ख्या महाराष्ट्रात त्यांना पसंत असलेला एवढा एक तरी मला खात्रीनं माहीत होता.

भाऊबीजेला आम्ही डोंबिवलीला गेलो तेव्हा खोकं हॉलमध्ये होतं. उघडलेलं. साऊंडबार टेबलावर उपडा. अविनाशराव लेबल वाचत होते.

"कुणी निवडला हा?" ते म्हणाले. "पोरगी आहे, हौसेनं घेतला, मान्य. पण घ्यायच्या आधी जाणत्या माणसाला विचारायचं तरी!"

"अविनाशराव," मी म्हटलं, "आमच्याकडे आहे तोच आहे. तुम्हीच घेऊन दिलेला."

मला वाटलं, आता सापडले. पण ते एक क्षणही अडले नाहीत. वही उघडून त्यांनी माझं पान काढलं आणि बोट ठेवलं. "तुमच्या हॉलला तो बरोबर आहे. तुमचा हॉल चौदा फूट. आमचा बारा. इथे लाट सत्तेचाळीसला उभी राहते." आणि पँट गुडघ्यावर वर खेचली.

"मग बसा शोधत," ताई म्हणाली आणि रिमोट घेऊन तिनं सबटायटल्स एका मापानं मोठी केली.