चाय

(रंगमंचावर एक खुर्ची. साठी ओलांडलेला माणूस. स्वेटर, पायात नवे बूट, हातात कापडी पिशवी.)

बसा, बसा. कार्यक्रम सुरू होऊन राहिला आहे.

(थांबतो. एका रांगेकडे बोट.) हे हसले! म्हणजे पुण्याचे पाहुणे आलेत. "होऊन राहिला" म्हटलं की जबलपूरचा मराठी माणूस सरसावून बसतो आणि पुण्याचा कपाळाला हात लावतो.

माझे साडू सदाशिव पेठेतले. मी फोनवर सहज म्हणतो, "चाय पिऊन राहिलो." तिकडे शांतता. मग आवाज येतो, "चहा घेतोय, असं म्हणतात मराठीत." तीस वर्षं झाली. त्यांचं व्याकरण गरम, माझी चाय थंड.

या माणसाबरोबर मी व्हिएतनामला गेलो. जोडीनं. फेब्रुवारी 2024. टूर स्वस्तात मिळाली. का स्वस्त, ते हनोईत उतरल्यावर कळलं. 10 तारखेला त्यांचं नवं वर्ष, तेत! आपल्याकडे दिवाळीत दुकानं उघडी ठेवतात, लक्ष्मी येईल म्हणून. तिथे शटर ओढून सगळे आईबापाकडे गावाला. अख्खं शहर माहेरी गेलेलं!

एक हॉटेल उघडं सापडलं. आम्ही शाकाहारी. साडूंनी बोटानं दाखवून हिरवी पालेभाजी मागवली. (हुंगतो.) न्वोक माम! मासळीला मीठ लावून पिंपात महिनोन् महिने मुरवतात, त्याचा अर्क. तेच त्यांचं मीठ, तीच त्यांची फोडणी. साडू म्हणाले, "शेजारच्या टेबलावर मासा असावा." मी म्हटलं, "शेजारी कुठे? तुमच्या वाटीत आहे."

दोन दिवस केळी खाल्ली. तिसऱ्या दिवशी माझं डोकं ठणकायला लागलं. म्हटलं, जेवण गेलं चुलीत. ओरडलो, "बेटा! चाय! चाय!"

वाढणाऱ्या पोरीचा चेहरा उजळला. "चाय?"

"चाय!"

आत गेली, ताट घेऊन आली. भात, टोफू, मशरूम, वर भाजलेले दाणे. माशाचा थेंब नाही!

आमची गाइड मुलगी पोट धरून हसली. त्यांच्या भाषेत चाय म्हणजे शाकाहारी! तिथले पुष्कळ बौद्ध लोक प्रतिपदेला आणि पौर्णिमेला चाय खातात. मग चहाला काय म्हणता? म्हणाली, "चा."

ऐकलंत? हनोईत चा, आपल्या खेड्यात च्या, जबलपुरात चाय. चहा फक्त साडूंकडे! ते शुद्ध उच्चारात "चहा, चहा" मागत राहिले आणि पोरगी आणत राहिली. बिनदुधाचा, बिनसाखरेचा. चार कप.

मग गाइडनं आम्हाला तिच्या गावी घरी बोलावलं. तेही नव्या वर्षाच्या तिसऱ्या दिवशी, पहिल्या नाही! वर्षाचा पहिला पाहुणा जसा, तसं त्या घराचं वर्ष जातं म्हणे. शहाणी पोर. साडूंचा चेहरा बघितला होता तिनं.

दारात उंच बांबू, टोकाला काहीबाही लटकवलेलं. साडू हात जोडून उभे, "गुढी!" गुढीच, पण आपली संध्याकाळी उतरते, त्यांची पंधरवडाभर उभी. पहिल्या महिन्याच्या सातव्या दिवशी उतरवतात. त्या वर्षी तो दिवस आला 16 फेब्रुवारीला. म्हणजे माघ शुद्ध सप्तमी. (हात जोडून) आपली नर्मदा जयंती! ग्वारीघाटावर पाय ठेवायला जागा नाही, आणि तिकडे ते बांबू उतरवून राहिलेत.

बांबू उभा राहतो तेव्हाच चुलीचे देवही वर जातात, माशावर बसून. वर्षभर घरात काय काय झालं, त्याची खबर द्यायला. माझी बायको म्हणाली, "आपल्याकडे मासा नाही लागत, ताईचा रोज पुण्याहून फोन येतो."

आणि ताटात आलं बान चुंग. चौकोनी, हिरव्या पानात, बांबूच्या सालीनं बांधलेलं. दहा-बारा तास उकळतं, पोरंसोरं रात्रभर पातेल्याभोवती जागतात. सोडलं तर आत चिकट तांदूळ, त्यात मुगाची डाळ. अरे, ही तर आपली खिचडी! शाळेचा गणवेश घालून आलेली! खऱ्या बान चुंगमध्ये डुकराचं मांस असतं, आमच्यासाठी चायवालं बनवलं होतं. गोष्ट अशी सांगतात, की एका राजाच्या मुलांमध्ये लागली पैज. बाकीच्यांनी डोंगर-समुद्र धुंडाळून पक्वान्नं आणली. गरीब पोरानं घरच्या तांदळाचं हे केलं, आणि गादी त्याला मिळाली. आपल्या सुदाम्याला पोह्यांवर महाल मिळाला, राज्य नाही. भाव तिकडे जास्त आहे.

साडूंनी तीन खाल्ले. बोलले नाहीत. तोंड भरलेलं होतं.

शेवटच्या रात्री मी लांबून बघितलं. साडू एकटे हॉटेलात शिरले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मराठी माणूस कोणी नाही. पोरीला जवळ बोलावलं, आणि हळूच... (कुजबुजत) "चाय."

(पिशवी उचलतो.) चला, मध्यांतर. बाहेर खोव्याची जिलेबी आहे, गरम आहे. पुण्याच्या पाहुण्यांनो, काउंटरवर चहा मागू नका. चाय म्हणा.