वादळासाठी देव पाण्यात

वादळ येऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवणारी माणसे जगात सगळीकडे आहेत. ते यावे म्हणून देव पाण्यात ठेवणारीही आहेत, आणि त्यांची दाट वस्ती ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये आहे. ऑक्टोबर उलटला की ही मंडळी अटलांटिक महासागराकडे डोळे लावून बसतात. वेधशाळेत नोकरी नाही, समुद्रात जहाज नाही, शेतात पीक नाही. असलीच तर परसदारी वाऱ्याचा वेग मोजणारी एक फिरकी आणि तिच्या खांबावरून शेजाऱ्याशी धरलेला अबोला. तिकडे न्यूफाउंडलंडच्या आसपास कॅनडाची गोठलेली हवा आणि दक्षिणेकडची उबदार हवा समोरासमोर येतात, वरून जेट प्रवाह त्या भांडणाला फूस लावतो आणि हवेचा दाब कोसळू लागतो. चोवीस तासांत साधारण २४ मिलिबारने उतरला तर हवामानशास्त्रज्ञसुद्धा आपले गांभीर्य सोडून त्याला ‘बॉम्ब’ म्हणतात. आपल्याकडची चक्रीवादळे समुद्राच्या उबेवर पोसतात, म्हणून ‘निसर्ग’ जूनमध्ये येते आणि ‘फयान’ नोव्हेंबरात. ही वादळे थंड आणि गरम हवेतल्या वैरावर जगतात, आणि ते वैर ऐन हिवाळ्यात पेटते.

या मंडळींविषयी सभ्य समाजाचे मत फारसे चांगले नाही. लोकांची छपरे उडणार, झाडे पडणार, आणि हे खुशीत! हा आरोप मला मात्र मुळातच चुकीच्या माणसावर ठेवलेला वाटतो. नीट पाहिले तर त्यांना वादळ नको असते. वादळाची शक्यता हवी असते. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि त्याचा पुरावा त्यांच्या दिनक्रमातच सापडतो. अमेरिकेचे जीएफएस नावाचे संगणकी मॉडेल दिवसातून चार वेळा साऱ्या जगाचे हवामान पुढच्या सोळा दिवसांपर्यंत मांडते. त्यातली एक फेरी ब्रिटनमध्ये रात्री साडेनऊच्या सुमारास हाती येऊ लागते. ती वेळ पबमध्ये बसायची, म्हणून या मंडळींत तिचे नाव ‘पब रन’. तिच्यात चौदाव्या दिवशी स्कॉटलंडच्या डोक्यावर काळ्याकुट्ट रेषांचे भयानक वेटोळे दिसते आणि एकच जल्लोष होतो. पहाटे साडेतीनच्या फेरीत ते वेटोळे आइसलँडला गेलेले असते. दुपारी ते फ्रान्सला जाते. दहाव्या दिवशी पुन्हा येते, तर रेडिंगच्या युरोपीय केंद्राचे मॉडेल म्हणते, असे काही ठरलेच नव्हते. मग तेच मॉडेल थोड्याथोड्या फरकाने पन्नास वेळा चालवून काढलेली पन्नास उत्तरे तपासायची. पत्रिका जुळली, मुलगा पसंत, पण तिकडून निरोपच येईना, अशा स्थळाची वाट पाहणाऱ्या घरात जी तगमग असते, ती इथे आठवड्यातून सात दिवस चालते. आणि लग्न सहसा मोडतेच.

मोडले नाही तर काय होते, हे अधिक बोलके आहे. २४ जानेवारी २०२५ च्या पहाटे ‘एओविन’ आयर्लंडवर आदळले. सबंध देशाला लाल इशारा होता. गॉलवेतल्या मेस हेड इथे ताशी १८३ किलोमीटरचा झोत नोंदला गेला आणि सात लाख अडुसष्ट हजार घरे, शेतवाड्या आणि दुकाने अंधारात गेली. म्हणजे ज्या क्षणासाठी दोन आठवडे जागरण केले, नेमक्या त्या क्षणी त्या भागातल्या हौशी माणसाचा संगणक बंद, वायफाय बंद, नकाशा बंद. आपल्या छपरावरून जे चालले आहे त्याची इत्थंभूत माहिती पोर्तुगालमधल्या हौशी माणसाला आहे. याच्या हाती मेणबत्ती. वादळाचीच भूक असलेला माणूस असा हिरमुसला नसता.

खुद्द वादळच हवे असलेला माणूस कसा असतो, याचे उदाहरण इतिहासात आहे. हेन्री विन्स्टन्लीने प्लिमथसमोरच्या एडिस्टन खडकावर दीपगृह बांधले. ते १६९८ मध्ये उजळले. त्याच्या मजबुतीबद्दल लोक शंका घेत, तेव्हा आजवरच्या सर्वात मोठ्या वादळात आपण या दीपगृहातच असावे अशी इच्छा तो बोलून दाखवी, असे सांगतात. नोव्हेंबर १७०३ मध्ये तो दुरुस्तीसाठी तिथे गेला असता इंग्लंडच्या इतिहासातले बहुधा सर्वात भीषण वादळ आले. सकाळी खडकावर दीपगृह नव्हते, विन्स्टन्लीही नव्हता. त्याच वादळात लंडनमध्ये, नुकताच तुरुंगातून सुटलेला डॅनिअल डिफो आपला वायुभारमापक पाहत होता. पारा इतका खाली गेलेला, की पोरांनीच नळीशी काहीतरी खेळ केला असावा असा त्याला संशय आला. पुढे त्याने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन देशभरच्या लोकांकडून वादळाच्या हकिकती मागवल्या आणि १७०४ मध्ये त्यांचे पुस्तक काढले. आजचे हौशी लोक विन्स्टन्लीच्या नव्हे, डिफोच्या गोत्राचे आहेत. त्यांना दीपगृहात जायचे नाही. पारा कुठवर उतरला आणि तो पोरांनी तर उतरवला नाही ना, एवढेच पाहायचे आहे.

इथे विचारी माणूस म्हणेल, ठीक आहे, निरुपद्रवी आहेत. पण उपयोग काय? उपग्रह आहेत, महासंगणक आहेत, पगारी शास्त्रज्ञ आहेत. यात पगारी माणसाची अडचण लक्षात घेतली जात नाही. ‘बीगल’ जहाजावरून डार्विनला जगभर फिरवणाऱ्या कप्तान फिट्झरॉयने, १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ जहाज चारशेहून अधिक माणसांसह बुडाल्यावर, बंदरांना तारेने वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. धक्क्यावर शंकूची खूण चढे. कोकणच्या बंदरात तीन नंबरचा बावटा लागतो, तो याच कुळातला. अंदाज चुकला की वर्तमानपत्रे टर उडवत, आणि जहाजे बंदरात अडकली की मासेमारी ताफ्यांचे मालक बोटे मोडत. १८६५ मध्ये त्याने आपले आयुष्य संपवले. वर्षभराने इशारेही बंद झाले, आणि ते पुन्हा सुरू करा म्हणून ओरड केली ती दर्यावर्दींनीच. सव्वाशे वर्षांनंतरही परिस्थिती फार बदललेली नव्हती. १५ ऑक्टोबर १९८७ ला बीबीसीवर मायकेल फिश यांनी, चक्रीवादळ येणार असे कळवणाऱ्या एका बाईंचा उल्लेख करून, तसे काही नाही, काळजी नसावी, असा दिलासा दिला. त्या रात्री दीड कोटी झाडे पडली आणि ब्रिटनमध्ये अठरा माणसे गेली. आपण बोलत होतो ते फ्लोरिडाबद्दल, असे फिश नंतर अनेकदा म्हणाले आणि ते खरेही असेल; पण एखाद्या माणसाने साऱ्या जन्मात केलेले अचूक अंदाज एका पारड्यात आणि ती काही सेकंदांची चित्रफीत दुसऱ्यात, असा काटा लोकांनी लावून टाकला. पगारी माणसाला चूक परवडत नाही. हौशी माणसाला ती फुकट पडते, म्हणून तो रोज करू शकतो, आणि रोज तपासूही शकतो.

शिवाय आजची वादळे मोजायची कशाशी? जुन्याशी; आणि जुनी वादळे कागदांच्या गठ्ठ्यांत झोपलेली. फेब्रुवारी १९०३ मध्ये एका वादळाने इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर लेव्हन नदीच्या पुलावरची आगगाडी आडवी केली होती. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’मध्ये त्या वादळाचा उल्लेख आहे, पण ते नेमके किती मोठे होते हे संगणकाला कळत नव्हते, कारण त्या काळच्या वायुभाराच्या नोंदी त्याच्या वाचनातच आलेल्या नव्हत्या. रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांनी लोकांना हाक दिली आणि हजारो स्वयंसेवकांनी जुन्या दैनिक हवामान पत्रकांतले आकडे एकेक करून टंकले. ते आकडे पोटात गेल्यावर संगणकाने कबूल केले की, होय, काही भागांत हे गेल्या शतकाहून अधिक काळातल्या सर्वात जोरदार वादळांपैकी एक होते. २०२० च्या टाळेबंदीत याच हॉकिन्स यांनी पावसाच्या जुन्या नोंदींचे पासष्ट हजार कागद लोकांपुढे ठेवले, तेव्हा सोळा हजार माणसे धावून आली. बाकीचे जग त्या दिवसांत पाव भाजायला शिकत होते. (त्या कागदांवरच्या मूळ नोंदीही बऱ्याच अंशी पाद्री, डॉक्टर, जमीनदार अशा हौशी मंडळींनीच करून ठेवलेल्या. म्हणजे एका पिढीच्या छंदाची नक्कल दुसऱ्या पिढीच्या छंदाने उतरवली. सरकारचा खर्च मुख्यतः कपाटाचा.)

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. चौदाव्या दिवशीचे ते काळे वेटोळे कुणीतरी उचलतो, चटकदार मथळ्यांचे एखादे वर्तमानपत्र ते छापते, आणि जे वादळ जन्मलेच नाही त्याच्या भीतीने आजीबाई लग्नाला जायचे रद्द करतात. हे होते आणि वाईटच होते. पण जाणता हौशी माणूस यात बहुधा सामील नसतो. ज्याने शंभर वादळे आइसलँडला पळून जाताना पाहिली आहेत, त्याला चौदाव्या दिवसाच्या नकाशाची किंमत पुरती ठाऊक असते. प्रत्येक ढगात प्रलय पाहणाऱ्याला या मंडळींत ‘रॅम्पर’ म्हणतात आणि ती शिवी आहे. सुतावरून स्वर्ग गाठतो तो नवशिका. मुरलेला माणूस सुताची जाडी, पीळ आणि गिरणीचे नाव विचारून हैराण करतो. १८ फेब्रुवारी २०२२ ला ‘युनिस’ वादळात वाइट बेटाच्या टोकावर, नीडल्स इथे, ताशी १९६ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. इंग्लंडचा तो उच्चांक. सामान्य जनता त्या दिवशी हीथ्रोवर वाकडीतिकडी उतरणारी विमाने थेट प्रक्षेपणात पाहत होती. एका वेळी दोन लाखांहून अधिक माणसे. हौशी मंडळी इकडे नीडल्सच्या यंत्रावर तुटून पडली होती. यंत्र उंच कड्यावर आहे, कड्याला आपटून वर चढणारा वारा मुळातच जोर पकडतो, तेव्हा आकडा मान्य, पण तळटिपेसह. स्वतःच्या लाडक्या वादळाचा उच्चांक इतक्या कठोरपणे कापणाऱ्यांवर अतिशयोक्तीचा ठपका ठेवणे जरा अवघडच आहे.

उरला तो दयामायेचा प्रश्न. कुणाच्या इच्छेने समभाररेषा तसूभरही सरकत नाही, त्यामुळे पाण्यातल्या देवांनी कुणाचे कौल उडालेले नाही. उलट कुंड्या आत घेणारा आणि पत्र्याला दोर बांधणारा गल्लीतला पहिला माणूस हाच असतो, कारण त्याला एक आठवडा आधी कळलेले असते. तो नको इतक्या आनंदात दोर बांधतो, हे खरे.

आणि वादळ गेल्यावर याच्या नशिबी काय, तर हिशेब. मेस हेडच्या १८३ ने फॉइन्सचा जानेवारी १९४५ चा १८२ चा विक्रम मोडला. ऐंशी वर्षांनी, अवघ्या एका किलोमीटरने. एवढ्या फरकावर पुढची कित्येक वर्षे वाद घालता येतील. तो वाद रंगतो आहे तोच पुढचे वादळ आले, पण त्याचे नाव ‘हर्मिनिया’. ब्रिटन आणि आयर्लंड २०१५ पासून वादळांना अक्षरांच्या क्रमाने नावे देतात. ‘एओविन’नंतर पाळी ‘फ्लोरिस’ची होती, आणि हे ‘हर्मिनिया’ स्पेनच्या यादीतून आलेले. मग सगळे ‘फ्लोरिस’ची वाट पाहू लागले. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, झाडांना पालवी फुटली, वाऱ्याच्या फिरकीवर कोळ्याने जाळे विणले. ‘फ्लोरिस’ आले ते ४ ऑगस्टला, भर उन्हाळ्यात, निम्मी हौशी मंडळी सुट्टीवर गेलेली असताना.