अंगठ्यावर चालणारा धंदा

मालिशचा कोर्स संपतो त्या दिवशी माणसाच्या हाती प्रमाणपत्र येते आणि दारात नातेवाईक. प्रमाणपत्र भिंतीवर लागायच्या आत मावशीचा खांदा, काकांची कंबर आणि शेजारच्या आजोबांचे दोन्ही गुडघे रांगेत उभे असतात. ‘तुझा हात तरी बसेल,’ असे म्हणत प्रत्येक जण उपकार केल्याच्या थाटात पालथा पडतो आणि तासाभराने उठून, अजून थोडा जोर हवा होता, असे सांगतो. पैशाचा विषय निघालाच तर चहा पुढे येतो. वकील झालेला पुतण्या जेवता जेवता सल्ला देऊन मोकळा होतो, डॉक्टर भाची लग्नाच्या हॉलमध्ये नाडी बघते. मालिशवाल्याला मात्र फुकटच्या गिऱ्हाइकासाठीसुद्धा तासभर घाम गाळावा लागतो.

बाजारपेठ म्हणाल तर कागदावर अफाट. अभ्यंग रोज करावा, डोके, कान आणि पाय यांना विशेष करावा, असे वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त सांगून ठेवले आहे. अजीर्ण झालेल्याने करू नये, हेही त्यानेच सांगितले. मराठी माणसाने त्यातला एक दिवस उचलला, नरक चतुर्दशीचा. तोही पहाटे, आईचा आवाज चढल्यावर. आणि अंगावरचे उटणे वाळते न वाळते तोच फराळाला बसून अजीर्णाचीही सोय करून टाकली. बाकीचे वर्षभर पाठ दुखली तर बाम चोळायचा, हवामानाला दोष द्यायचा आणि झोपायचे.

रोज मालिश करणारी मंडळी महाराष्ट्रात आहेत, नाहीत असे नाही. कोल्हापूरच्या तालमींत जाऊन पाहावे. पण तिथे पैलवानच एकमेकांना रगडतात. त्या व्यवहारात तिसऱ्या माणसाला जागा नाही, आणि खुराकावर सढळ हाताने खर्च करणारा पैलवान मालिशला दमडी मोजणार नाही. तिथे कार्डे वाटायला गेलेला नवा थेरपिस्ट स्वतःच रगडून निघण्याची शक्यता जास्त. मुंबईच्या चौपाटीवर तेलाच्या बाटल्या किणकिणवत फिरणारा चंपीवाला १९५७ सालच्या ‘प्यासा’ने देशभर पोचवला खरा, पण त्यातून नाव झाले ते जॉनी वॉकरचे.

आता जागेचे. पुण्यात दहा बाय दहाची खोली शोधताना ‘मसाज’ हा शब्द उच्चारला की घरमालक चष्मा काढून पुसतो. मग विचारतो, ‘फक्त पुरुष, की बायकासुद्धा?’ फक्त पुरुष म्हटले तर त्याला शंका येते. बायकासुद्धा म्हटले तर जास्त येते. फक्त ज्येष्ठ नागरिक म्हटले तर उद्या कुणाला काही झाले तर जबाबदारी कुणाची, असा मुद्दा निघून प्रकरण सोसायटीच्या कमिटीकडे जाते. कमिटीवरच्या दोघांना मानेचा त्रास असतो. ते मान चोळून घेतात आणि अर्ज नामंजूर करतात.

म्हणून बहुतेक जण सुरुवात घरपोच सेवेने करतात. घडीचे टेबल बारा-पंधरा किलोचे, सुटकेससारखे मिटते. वॉचमन त्याच्याकडे संशयाने आणि लिफ्टमधल्या आजी कुतूहलाने बघतात. पाठीवर टेबल, एका हातात चादरींची पिशवी, दुसऱ्या हातात तेल, अशा अवस्थेत चौथ्या मजल्यावर पोचलेल्या माणसाला बघून मालिशची गरज नेमकी कुणाला आहे, असा प्रश्न गिऱ्हाइकालाही पडत असावा.

तेल आणि चादरी हे कोर्समध्ये न शिकवलेले दोन विषय. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास थिजते. डिसेंबरातल्या सकाळी सातला कोथरूडात गिऱ्हाईक उघड्या पाठीने पालथे पडलेले आणि थेरपिस्ट बाटली उलटी धरून बुडावर थापट्या मारतोय, हा देखावा त्यामुळे ठरलेलाच. मग स्वयंपाकघरात डोकावून, ‘वहिनी, जरा गरम पाणी मिळेल का?’ वहिनी पातेले देतात आणि त्यांच्या गुडघ्यात कळ येते कुठे, तेही सांगतात. तिळाचे तेल थिजत नाही, पण ते चादरीत असे मुरते की दोन धुण्यांनंतरही कपाटाला खवट वास येतो. सोडा घाला, कडकडीत पाणी घाला, उन्हात वाळवा. दर माणसाला धुतलेली चादर लागतेच. महिन्याचा हिशेब मांडायला बसले की कळते, आपण मालिशच्या नावाखाली धोबीघाट काढला आहे.

हिशेबाचा खरा घोळ मात्र अंगठ्यात असतो. बसल्या बसल्या मोठी स्वप्ने पाहणारा नवा थेरपिस्ट पहिल्याच महिन्यात सीएला गाठून जीएसटीची चौकशी करतो. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी करावी लागते. तासाच्या मालिशचे हजार रुपये धरले तर २० लाखांना २,००० मालिश झाल्या. वर्षाचे ३०० दिवस काम केले तर रोज जवळजवळ सात. त्यात कोथरूड ते खराडी हा प्रवास धरलेला नाही, आणि अंगठाही धरलेला नाही.

अंगठा हे या धंद्यातले एकमेव यंत्र, आणि त्याला सुटे भाग मिळत नाहीत. दिवसभर तोच रुतवत राहिले की बुडातला सांधा कुरकुरायला लागतो, मग मनगटाची अंगठ्याकडची बाजू धरते, आणि एक दिवस बरणीचे झाकण फिरेनासे होते. जाणते लोक म्हणून नव्याला पहिल्याच दिवशी बजावतात : जोर हाताचा लावू नकोस, अंगाचे वजन टाक; कोपर वापर, बाहू वापर; टेबलाची उंची अशी ठेव, की सरळ उभे राहून हात खाली सोडले तर मूठ टेबलाला टेकावी. नवा मान डोलावतो. पण पालथ्या पडलेल्या काकांच्या तोंडून ‘अजून जोरात’ निघाले की सगळे शिक्षण विसरून अंगठाच पुढे होतो. म्हणजे २० लाखांची हद्द ओलांडायच्या आत, सरकारला कळायच्याही आधी, अंगठा दुकान बंद करायला लावतो.

या धंद्यात उशिरा उतरूनही नाव काढलेला माणूस म्हणजे शेख दीन महंमद. जन्म पाटण्याचा, १७५९ सालचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या फौजेत वाढला, १७८४ मध्ये आयर्लंडातल्या कॉर्क शहरी गेला, तिथे जेन डेली नावाच्या मुलीशी पळून जाऊन लग्न केले आणि १७९४ मध्ये इंग्रजीत आपल्या प्रवासाचे पुस्तक छापले. भारतीयाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले हे पहिले पुस्तक. १८१० मध्ये त्याने लंडनला पोर्टमन स्क्वेअरजवळ हिंदुस्थानी कॉफी हाऊस काढले. हुक्का होता, करी होती. दोन वर्षांत दिवाळेही निघाले. पुढे पन्नाशी उलटल्यावर, लोक जावयाच्या जिवावर आराम करायचे बेत आखतात त्या वयात, त्याने ब्रायटनला समुद्रकाठी वाफेचे स्नान आणि मालिश सुरू केली.

त्याची रीत बघण्याजोगी होती. भारतातल्या वनस्पती घातलेल्या पाण्याच्या वाफेत गिऱ्हाईक बसवायचे, भोवती फ्लॅनेलचा तंबू. तंबूला बाह्या शिवलेल्या. मालिश करणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांतून फक्त हात आत घालायचा. पुण्यातल्या घरमालकाच्या सगळ्या शंकांचे उत्तर या तंबूत आहे. पण भाडेकराराला तंबूचा नमुना जोडायची पद्धत नाही. बायकांचा विभाग जेन सांभाळायची. बऱ्या झालेल्या रोग्यांच्या कुबड्या त्याने दर्शनी भागात टांगून ठेवल्या होत्या, आणि बऱ्या झालेल्यांच्या हकिकती छापून पुस्तकेही काढली. स्वतःच्या माहितीत त्याने जन्मसाल दहा वर्षे मागे ढकलले आणि मोकळ्या झालेल्या जागेत वैद्यकीचे शिक्षण बसवले. आजच्या बायोडेटांपुढे हे फार झाले असे म्हणवत नाही. पुढे चौथ्या जॉर्जने आणि त्याच्यामागून चौथ्या विल्यमने त्याला राजाचा मालिशतज्ज्ञ म्हणून नेमले.

एवढे होऊनही इमारत त्याच्या मालकीची नव्हती. पैसा भागीदाराचा होता. तो वारल्यावर ती लिलावात निघाली, तेव्हा महंमदाने ऐंशी ओलांडली होती. राजाची पाठ हाताखाली, पण भिंती दुसऱ्याच्या. १८५१ मध्ये तो ब्रायटनलाच वारला. त्याचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात डॉक्टर झाला आणि त्याने रक्तदाबावर महत्त्वाचे संशोधन केले.

ब्रायटनपर्यंत न जाता धंदा शिकायचा असेल तर सकाळी आठच्या सुमारास ज्या घरात बाळंतीण आहे त्या घरी जावे. तिथे मालिशवाल्या मावशी आलेल्या असतात. मावशींच्या हातात काही नसते. तेल घरचे, वाटीत कोमट करून ठेवलेले. पाट घरचा, पाणी घरचे, टॉवेल घरचा, डाळीचे पीठ आणि हळद घरची, शेगडीतले निखारे आणि त्यावर टाकायचा ओवाही घरचा. मावशी साडी गुडघ्यापर्यंत वर खोचतात, पाटावर बसून पाय लांब पसरतात आणि बाळाला नडग्यांवर पालथे घेतात. म्हणजे टेबलही त्यांचे त्यांनाच. उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला लावून बाळाची घडी घालतात आणि उलगडतात. बाळ टाहो फोडते. आजी दारातून ‘हळू गं’ म्हणते, मावशी ‘हो हो’ म्हणतात आणि वेग तसाच ठेवतात. नाक ओढून सरळ करू नका, कानात तेल घालू नका, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. ते सांगायची जबाबदारी बाळाच्या आईवर येते आणि ती मावशींसमोर तोंड उघडायला धजत नाही.

व्यवहार म्हणून बघितले तर यात शिकण्याजोगे पुष्कळ आहे. गिऱ्हाईक एकदा ठरले की निदान सव्वा महिना रोज, आणि बाळंतिणीचे अंग वेगळे. सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणातच तारीख बोलून ठेवावी लागते, नाहीतर मावशी मिळत नाहीत. घरे पायी जाण्याच्या अंतरातली. बाळाची अंघोळ सकाळचीच, म्हणून तीन-चार घरांत काम उरकते आणि दुपारनंतर हात मोकळे. पाचवे घर आले तर मावशी सरळ नाही म्हणतात. शेवटच्या दिवशी पैशांखेरीज साडी आणि नारळ. जाहिरात म्हणजे शेजारच्या इमारतीत ऐकू जाणारे बाळाचे रडणे.

नव्या थेरपिस्टाने यातले जमेल तेवढे उचलावे. दोन-तीन पेठांपलीकडची गिऱ्हाइके घेऊ नयेत. सुटी मालिश विकण्यापेक्षा दहा वेळांची बोली करावी आणि पैसे आधी घ्यावेत. चादर आणि तेल गिऱ्हाइकाचे, हे फोनवरच सांगावे. दिवसाला चारांच्या वर पाचवी पाठ आली तर ती दुसऱ्या दिवसावर ढकलावी, मग ती सख्ख्या काकांची का असेना.

घासाघीस मात्र मावशींकडूनच शिकावी. कुठल्याशा घरी जुळी झाली की बाप हमखास दुसऱ्या बाळाची सवलत मागतो. पाणी एकदाच तापते, मावशी एकदाच येतात, असा त्याचा हिशेब. मावशी तो पूर्ण ऐकून घेतात. पाणी तुमचे आहे, त्याचे तुम्ही एकदाच धरा, म्हणतात. पाय माझे आहेत, ते दोनदा भरून येतात, त्याचे दोन धरा. आणि दुसरे बाळ घ्यायला हात पुढे करतात.