काल रात्रीपर्यंत चालत होतं

प्रॉम्प्टकर भेटले की "कसं काय?" असं विचारायचं नसतं. विचारलंत तर ते लिफ्टचं दार पायानं अडवतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि सांगू लागतात, "काल रात्री पावणेदोनला सुटलं एकदाचं." नवख्याला वाटतं घरात बाळंतपण होतं. सोसायटीतल्या जुन्या माणसांना कळतं, लॉगिनचं बटण चालू झालं. दुसऱ्या दिवशी त्याच लिफ्टमध्ये तेच गृहस्थ सुतकी चेहऱ्यानं उभे असतात. "काल रात्रीपर्यंत चालत होतं हो! मी काही केलंच नाही. फक्त बटणाचा रंग बदल म्हटलं."

हे आडनाव अर्थातच सोसायटीनं ठेवलेलं. खरं आडनाव सांगण्यात अर्थ नाही, कारण असा एक प्रॉम्प्टकर आता प्रत्येक मोठ्या सोसायटीत आणि प्रत्येक ऑफिसात निघतो. आमच्या गोष्टीतला पुण्याचा, कोथरूडचा. वय चाळिशीच्या अल्याडपल्याड, नोकरी हिंजवडीत. जावा शिकून कंपनीत लागले तेव्हा त्यांनी खरोखरच कोड लिहिला. मग टीम लीड झाले, मग मॅनेजर झाले आणि हात एक्सेलला लागले ते लागलेच. गेली दहा वर्षं त्यांनी कोड लिहिलेला नाही, लिहवून घेतलाय. तोही "कधी होतंय?" या एकाच प्रश्नाच्या बळावर.

असा माणूस एआयच्या तडाख्यात सापडणारच. यंत्राला मराठीत, इंग्रजीत किंवा अर्धवट वाक्यात काम सांगितलं की ते मुकाट्यानं करतं, सुट्टी मागत नाही, अप्रेझलला रुसत नाही. मॅनेजरकीचा सगळा अनुभव प्रथमच कामी आला.

शिवाय वरून आशीर्वाद होता. ओपनएआयच्या संस्थापकांपैकी एक आणि पुढे टेस्लात एआयचं काम सांभाळलेले आंद्रेय कारपथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये 'वाइब कोडिंग' हा शब्द काढला. कोड नावाची वस्तू आहे हेच विसरायचं, यंत्राशी बोलत राहायचं, एरर आली तर ती जशीच्या तशी उचलून परत त्याच्याच पुढ्यात टाकायची, असा तो मार्ग. शनिवार-रविवारच्या किरकोळ, वापरून टाकून देण्याच्या कामांना हे ठीक आहे, असंही कारपथींनी तिथेच म्हटलं होतं. प्रॉम्प्टकरांचं वाचन त्याच्या आधीच्या वाक्याला थांबलं. वर्षअखेरीस कॉलिन्स शब्दकोशानं हाच शब्द वर्षाचा शब्द म्हणून निवडला, तेव्हा त्यांनी ती बातमी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, खाली हात जोडलेली इमोजी. दोघातिघांनी अभिनंदनही केलं.

त्यांचा दुसरा देव पीटर लेव्हल्स. या डच गृहस्थानं त्याच फेब्रुवारीत एआयकडून ब्राउझरमध्ये चालणारा विमान उडवण्याचा खेळ करून घेतला, रोजची प्रगती आणि कमाई चारचौघांत मांडली आणि खेळातल्या जाहिरातींवर बख्खळ पैसा केला. "एकटा माणूस!" हे प्रॉम्प्टकर दोन्ही हात पसरून सांगतात. लेव्हल्स २०१४ पासून वेबसाइटी बांधून चालवतोय आणि त्याच्या मागे लाखो माणसं आधीच लागलेली होती, हा भाग ते हात खाली घेताना गिळतात.

तर प्रॉम्प्टकरांनीही संकल्प सोडला. सोसायटीच्या गणपतीची वर्गणी गोळा करण्याचं ॲप. रोजचं सगळं सर्वांना सांगत करायचं, हा संकल्पाचा दुसरा आणि जास्त निष्ठेनं पाळलेला भाग.

मागणी कुणाची होती? कुणाचीच नाही. वर्गणी खजिनदारकाका घेतात. काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यांच्याकडे पावतीपुस्तक आहे, कार्बन आहे आणि दोरीनं बांधलेलं बॉलपेन आहे. पुस्तक शंभराच्या आत येतं. प्रॉम्प्टकरांच्या एआयला तेव्हा महिना वीस डॉलर, म्हणजे सतराशे-अठराशे रुपये पडायचे, आणि एकाची मर्यादा रात्री अकराला संपायची म्हणून त्यांनी दुसरंही घेतलं होतं. हा हिशेब काकांनी एकदा पेन न सोडवता तोंडी करून दाखवला.

पहिलं अनावरण रात्री दोनला झालं. ग्रुपवर लिंक आली. सकाळी काकांचा निरोप, "उघडत नाही." बी विंगचाही, "उघडत नाही." लिंकवर 'लोकलहोस्ट' लिहिलेलं होतं. हा पत्ता ज्याच्या त्याच्या स्वतःच्याच यंत्राचा असतो. प्रॉम्प्टकरांच्या लॅपटॉपवरचं ॲप तिथून दुसऱ्या कुणालाच दिसणं शक्य नाही. जावा शिकलेला माणूस शुद्धीत असताना असं करत नाही. पण शुद्ध हरपण्याइतका आनंद चाळिशीत क्वचित होतो, त्यामुळे याबद्दल फार बोलू नये.

मग पावतीची पीडीएफ आली. ही मात्र पाहण्यासारखी होती. वरच्या ओळीत 'वर्गणी'ऐवजी व, मग पाय मोडलेला र, मग ग, मग णी. 'श्री'ची फाळणी झालेली. ए विंगच्या शिंद्यांच्या नावातली वेलांटी श सोडून पुढच्या घरात राहायला गेलेली. देवनागरी अक्षरं शेजारीशेजारी ठेवून भागत नाही. रफार डोक्यावर चढवायचा, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची, जोडाक्षर जोडायचं, हे काम करणारी वेगळी यंत्रणा लागते. पीडीएफ बनवणाऱ्या कित्येक साध्या लायब्रऱ्यांत ती नसते. एआयनं फॉन्ट बदलला. मग दुसरा फॉन्ट. मग "आता शंभर टक्के दुरुस्त झालं आहे" असं बरोबरच्या हिरव्या खुणेसह जाहीर केलं, आणि शिंद्यांची वेलांटी तिथेच. लिफ्टमधलं त्या आठवड्याचं बुलेटिन संपूर्ण रफारावर होतं. चौथीतल्या पोरांनाही रफार म्हणजे काय ते पक्कं समजलं, शाळेत जे होत नव्हतं. शेवटी पावती ब्राउझरलाच छापायला सांगायची, म्हणजे तो स्वतःची अक्षरजुळणी वापरतो, असा साधा मार्ग निघाला. तो एआयनं सुचवला की ऑफिसातल्या चोवीस वर्षांच्या मुलीनं, याबद्दल दोन प्रवाद आहेत.

त्यानंतर 'अक्षरी रुपये'. ११५१ ला यंत्रानं लिहिलं 'एक हजार एकशे इक्यावन'. ८९ ला 'नवासी'. बटणांवर 'सहेजें' आणि 'हटाएं'. मराठी माग, हिंदी घे, हा अनुभव पुण्यात कुणालाच नवा नव्हता, त्यामुळे सहानुभूती भरपूर मिळाली. पण मराठीत शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं पाठ करावं लागतं, हे प्रॉम्प्टकरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती यादी आईकडून फोनवर लिहून घेतली. आईला वाटलं नातीचा अभ्यास चाललाय.

वहिनी म्हणजे प्रॉम्प्टकर वहिनी या सगळ्याकडे तटस्थपणे पाहतात. "स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून जातो आणि बाथरूमचा गळायला लागतो, असा आपला एक नळवाला होता, आठवतो?" एवढंच त्या एकदा म्हणाल्या. दर रात्री झोपण्यापूर्वी नवरा एआयसाठी सूचनांची फाईल लिहून ठेवतो, ती त्यांनी चुकून वाचली. 'मराठीच वापर. हिंदी नको. चालू असलेल्या गोष्टीला हात लावू नकोस. डेटाबेसला हात लावू नकोस. पुन्हा सांगतो, डेटाबेसला हात लावू नकोस.' त्या म्हणाल्या, "मी माहेरी जाताना तुझ्यासाठी फ्रीजवर चिठ्ठी लावते ना, तसंच आहे हे."

फाईल लिहावी लागते, कारण नवं संभाषण उघडलं की गडी आदल्या रात्रीचं बहुतेक विसरलेला असतो. पावणेदोनला ज्यानं "वा, फारच सुंदर उपाय!" म्हणून पाठ थोपटली, त्यालाच सकाळी सगळं पहिल्यापासून सांगायचं. मला वाटतं प्रॉम्प्टकरांच्या लिफ्टमधल्या बुलेटिनचं मूळ इथे आहे. ज्याच्यासोबत रात्र काढली त्याला ती आठवत नाही. मग आठवण ठेवणारी माणसं शोधावी लागतात, आणि ती दूध आणायला निघालेली असतात.

कौतुक करायला मात्र यंत्राला काही वाटत नाही. "तुमचं अगदी बरोबर आहे!" हे त्याचं पालुपद. चुकीचं सांगितलं तरी बरोबर, ते मागे घेतलं तरी बरोबर. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयची एक नवी आवृत्ती इतकी लाळघोटी निघाली की ती परत घ्यावी लागली. प्रॉम्प्टकर त्या दिवसांबद्दल अजून हळवे होतात.

दुःखाच्या प्रसंगी त्यांना थोरामोठ्यांचे दाखले लागतात. जुलै २०२५ मध्ये जेसन लेमकिन या अमेरिकी उद्योजकानं रेप्लिट या कोडिंग सेवेच्या एआयला काहीही बदलायचं नाही अशी सक्त ताकीद दिलेली असताना त्या एआयनं चालू डेटाबेस पुसला. त्यात बाराशेहून अधिक बड्या अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. वर, हे परत आणता येणार नाही असं सांगितलं. प्रत्यक्षात आणता आलं. रेप्लिटच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. प्रॉम्प्टकरांच्या एआयनं 'साफसफाई' करताना गेल्या वर्षीची वर्गणीदारांची यादी उडवली, त्या दिवशी त्यांनी ही कथा तीन मजल्यांवर सांगितली, आवाजात दुःख कमी आणि लेमकिनशी झालेली सोयरीक जास्त. यादीची प्रत होतीच. काकांच्या वहीत.

प्रॉम्प्टकरांच्या भाच्यानं एकदा त्यांना कोंडीत पकडायचा प्रयत्न केला. मेटर या संस्थेनं २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांवरची २४६ कामं दिली, काही एआयसह, काही त्याविना. एआय घेऊन काम करताना त्यांना १९ टक्के वेळ जास्त लागला. त्यांना स्वतःला मात्र आपण २० टक्के वेळ वाचवला असं वाटत होतं. भाच्यानं हे वाचून दाखवलं. प्रॉम्प्टकर शांतपणे म्हणाले, "ते अनुभवी होते."

गणपतीच्या तोंडावर ॲप खरंच चालू झालं. अर्ध्या सोसायटीनं क्यूआर कोडवर पैसे भरले, पावत्या आल्या, रफार डोक्यावर, वेलांटी स्वस्थानी. लोक भेटून शाबासकी देत होते. हे सुख दीड दिवसाच्या गणपतीइतकंही टिकलं नाही. नववीतल्या एका मुलानं पावतीच्या लिंकमधला शेवटचा आकडा बदलून पाहिला आणि शेजाऱ्याची पावती उघडली. पुन्हा बदलला, त्याच्या शेजाऱ्याची. पावती मागणारा माणूस कोण आहे हे तपासायचंच राहून गेलं होतं. वाइब कोडिंगच्या ॲपांमध्ये ही चूक वारंवार सापडते, कारण सांगितलेलं यंत्र करतं आणि हे सांगायचं कुणाला सुचत नाही. मुलानं प्रामाणिकपणे ग्रुपवर कळवलं. पुराव्यादाखल सी विंगच्या माजी चेअरमनसाहेबांची पावती जोडली. अक्षरी रुपये एक्कावन्न फक्त.

त्यानंतर दोन दिवस ग्रुपवर जे झालं ते इथे देण्यात अर्थ नाही. प्रॉम्प्टकर त्या दोन दिवसांत जिन्यानं गेले. तिसऱ्या दिवशी ते लिफ्टमध्ये परतले तेव्हा मात्र तोंडावर तेज होतं. "सिक्युरिटी!" ते म्हणाले. "खरी मजा तिथेच आहे हो." माणूस मोडत नाही हे खरं. कोड लिहायचं सोडल्यापासून बहुधा पहिल्यांदाच त्यांना आपल्या हातून काहीतरी होतंय, आणि बिघडतंय, याची मजा येत होती.

वर्गणीचा उरलेला कारभार पावतीपुस्तकावर पार पडला. पण मधल्या काळात काकांनी हळूच स्वतःचं काहीतरी सुरू केलं होतं. पावत्यांच्या स्थळप्रतींचे मोबाइलवर फोटो काढायचे, एआयला दाखवायचे आणि बेरीज करून घ्यायची. मग तीच बेरीज हातानं करायची. यंत्रानं १०१ चे १०७ वाचलेले काकांनी पकडले. मग कार्बन नवा घातला. मग फोटो गॅलरीत काढायचा की ट्यूबलाइटखाली, यावर प्रयोग झाले.

विसर्जनानंतरच्या रविवारी काका लिफ्टमध्ये शिरले, दार पायानं अडवलं आणि म्हणाले, "प्रॉम्प्टकर, काल काय झालं सांगतो. सात आणि एक त्याला ओळखता यायला लागले. पण कार्बन जुना असला की..."

"काका," प्रॉम्प्टकर घड्याळाकडे बघत म्हणाले, "मला जरा मीटिंग आहे."