नाक मुरडायला जागा नाही, तरीही

मर्सिडीज एस-क्लासच्या पंगतीत फोक्सवॅगनने 2002 साली ‘फेटन’ आणून बसवली. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख फर्डिनांड पिएख यांचा हट्टच तो. ड्रेस्डेनला काचेचा कारखाना, त्यात मेपलची लाकडी जमीन. गाडीत बारा सिलिंडरचं इंजिन आणि गरज नसली की एसीची तोंडं झाकून घेणाऱ्या लाकडी पट्ट्या. नाव ठेवायला जागा नाही. पण फोक्सवॅगनचं बोधचिन्ह पाहून शेजाऱ्याने त्याच कंपनीच्या स्वस्त गाडीचं नाव घेत ‘पसाट घेतली वाटतं?’ असं विचारलं की संपलं! एवढे पैसे मोजून वर खुलासे कोण करत बसणार? त्यातून फोक्सवॅगनच्या घरचीच ऑडी ए-8 समोर उभी. 2010 मध्ये रंगरंगोटी झाली, बोधचिन्ह तेच. अमेरिकेतून गाशा 2006 मध्येच गुंडाळला होता. 2016 मध्ये उत्पादनही थांबलं आणि त्या काचमहालात पुढे ई-गोल्फ बनू लागली.