राउटरभाऊ

नांदेडच्या कुठल्याही कॉलनीत एक राउटरभाऊ असतोच. शिक्षण बी.कॉम. असो की इंजिनिअरिंग, त्यानं काही फरक पडत नाही. कधीतरी त्यानं शेजारच्या काकूंना वायफायचा पासवर्ड बदलून दिलेला असतो, तेवढं पुरतं. तिथून पुढं त्या घरात जे जे बिघडेल, ते त्याच्या खात्यावर चढतं. "भाऊ, तुम्ही येऊन गेल्यापासून मिक्सर घरघर करायलाय," हेही तो निमूट ऐकतो आणि मिक्सरही बघून देतो.

पूर्वी जोडायला फक्त मोबाइल असायचे. आता बल्बला वायफाय लागतं, कॅमेऱ्याला लागतं आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी किती हे सांगणाऱ्या डबीलाही लागतं. ही डबी घरातली सर्वांत मानाची वस्तू. त्यात भाऊची सासुरवाडी लातूरची. ज्या गावाला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथला सासरा टाकीची पातळी मोबाइलवर दिसेना म्हटल्यावर जावयाला सुखानं जेवू देईल का? जावई बूट काढायच्या आत शिडी चढलेला असतो.

गच्चीवर डबी ठणठणीत असते. दुखणं खाली हॉलमध्ये. राउटर टीव्हीच्या मागं, शोकेसच्या काचेआड, वर विणलेला रुमाल. "धूळ बसती म्हणून झाकलाय." रुमाल काढून राउटर उंचावर ठेवला, तरी डबी जोडली जात नाही. सासऱ्यानं नुकताच महागाचा, दोन बँडचा राउटर घेतलेला असतो आणि डबीत असते ईएसपी 8266 ही चिप. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीनं 2014 साली आणलेली, स्वस्त आणि चिवट. पण तिला 2.4 गिगाहर्ट्झच कळतं, 5 चा तिला गंधही नाही. राउटरनं दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं. मोबाइल 5 वर, डबी 2.4 वर, आणि जोडणी करून देणारं ॲप मध्येच गोंधळून बसलेलं.

भाऊ दोन्ही बँड वेगळे करतो. सुरक्षा डब्ल्यूपीए 3 वरून डब्ल्यूपीए 2 वर उतरवतो. डबी लगेच जोडली जाते. सासरा मात्र हळहळतो, "एवढं नवं आणलं, अन् जावयानं जुनं करून ठेवलं!"

मग नव्या नावाचा प्रश्न. सासूबाईंना 'आई तुळजाभवानी प्रसन्न' हवं असतं. वायफायच्या नावाला 32 बाइटांची मर्यादा, आणि देवनागरीतली प्रत्येक मात्रासुद्धा तीन बाइट खाते. 'भवा'पाशीच जागा संपते. देवीचं नाव अर्धवट ठेवायचं नाही, यावर घरात एकमत होतं आणि शेवटी नेटवर्कचं नाव पडतं 'टाकी'.

जाणकार भाऊ याहून पुढं जातो. असली सगळी उपकरणं तो गेस्ट नेटवर्कवर टाकतो, म्हणजे उद्या एखादा बल्ब फितूर झाला तरी घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचणार नाही. पाहुण्यांनाही तेच नेटवर्क द्यावं, असं मात्र तो चुकूनही बोलत नाही. एकदा बोलून बघितलेलं असतं. "पाहुण्याला येगळं नेट देऊ? लोक काय म्हणतील?" त्यामुळं मराठवाड्यात गेस्ट नेटवर्कवर बल्ब राहतात आणि पाहुणे थेट माजघरात.

लातूरचा भाऊ असेल तर त्याला होस्टेलंही सांभाळावी लागतात. एकेका गल्लीत नीटची तयारी करणारी पोरं आणि भिंतीपल्याडून येणारी ढीगभर नेटवर्कं. 2.4 च्या बँडवर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल 1, 6 आणि 11 हे तीनच. सगळी गल्ली त्यांतल्या एकावर गर्दी करून बसलेली. त्यातच हजेरीचं थंब मशीन बंद पडतं, कारण लाईट जाऊन आल्यावर त्याचा आयपी पत्ता कुणाच्या तरी मोबाइलनं पटकावलेला असतो. भाऊ राउटरमध्ये मशीनचा पत्ता कायमचा राखून ठेवतो, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तसा. हजेरी सुरू झाली म्हणून होस्टेलमालक चहा पाजतो. त्याच कारणानं पोरं त्याच्याशी बोलायची बंद होतात.

पण भाऊचा खरा वैरी म्हणजे ये-जा करणारी लाईट. कित्येक बल्बांना लागोपाठ तीन-चार वेळा चालू-बंद केलं की ते जुनं नेटवर्क विसरून नव्या जोडणीला तयार होतात. कारखान्यानं ही ग्राहकाची सोय म्हणून ठेवली. आमच्याकडं ती सोय वळवाच्या पहिल्या पावसात आपोआप होते. विजा चमकतात, लाईट तीनदा डोळे मिचकावते, आणि कॉलनीभर बल्ब लुकलुकू लागतात. लोक गच्चीवरचे पापड काढायच्या आधी भाऊला फोन लावतात.

असा हा भाऊ एक दिवस नोकरीला पुण्याला जातो. कॉलनी शाल-श्रीफळ देते, पेढे वाटते. आईच्या डोळ्यांत पाणी असतं. काकूंच्या डोळ्यांत आईपेक्षा जास्त. भाऊ सगळ्या घरांचे पासवर्ड एका वहीत लिहून देतो, कुठली वायर कुठं ते दाखवतो, तरी कुणाचं समाधान होत नाही. पुण्यात पोचून तो बॅग टेकवतो न टेकवतो, तोच काकूंचा फोन.

"भाऊ, नेट पार बंद पडलंय. जरा व्हिडिओ कॉल लावता का?"