दोनशे मेगापिक्सेल आणि एक बोट

‘शुभमंगल सावधान’ झालं की अंतरपाट खाली जायच्या आत मोबाइल वर जातात. नवरानवरी बघायची ती पुढच्या काकांच्या स्क्रीनवर. काकांचा कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा. तो एरवी सोळा पिक्सेलांची मोट बांधून साडेबाराचाच फोटो देतो, हे दुकानदाराने कशाला सांगावं? त्यात लेन्सवर सकाळच्या शिऱ्याचं तूप. रुमाल खिशात आहे, पण तो घाम पुसायला. मग मांडवातला दिवान्‌दिवा फुलारतो आणि काकू म्हणतात, “काय इफेक्ट आलाय!”

नवरीमागे उघडी खिडकी, म्हणून नवरीचं तोंड काळंकुट्ट. स्क्रीनवर चेहऱ्याला बोट टेकवलं की कॅमेरा उजेड चेहऱ्यापुरता बेततो. पण काकांचं बोट लेन्सच्या कोपऱ्यात गुंतलंय. दोन पावलं पुढे व्हायचं सोडून दहापट झूम, आणि मुंडावळ्यांचे झाले चौकोनी ठिपके. व्हिडिओ उभा सुरू करून मध्येच फोन आडवा केला, त्यामुळे भटजी भिंतीवरून चालतात. उरलंसुरलं व्हॉट्सअ‍ॅप पिळून घेतं.

पैसे मोजून बोलावलेल्या फोटोग्राफरच्या अल्बममध्ये मात्र हार घालतानाच्या फोटोंत काकांची दोन्ही कोपरं आलीत. अगदी फोकसमध्ये.